तीजेच्या फेरावरचा उजेड

देविदास आडे नेमकं काय काम करतो, हे हिंगोली जिल्ह्यात धड कुणालाच सांगता येत नाही. वारंगा फाट्यावर विचारलं तर म्हणतात, "तो वायरमन ना?" शिरड शहापुरात विचारलं तर म्हणतात, "मोटारी दुरुस्त करायचा, आता काय करतो कुणास ठाऊक." लग्नसराईत त्याला हमखास फोन येतो, की आमच्या मांडवाला माळा सोडायला कधी येता. तो न चिडता सांगतो, "माळा सोडणारे दुसरे. मी झाडं उजळतो, भिंती उजळतो." पलीकडचा माणूस सगळं ऐकून घेतो आणि मग विचारतो, "बरं, मग माळा किती तारखेला सोडता?"

त्याचं काम सांगायला सोपं आहे, पटवायला अवघड. दगडी भिंतीवर लांबून झोत टाकला तर भिंत सारवल्यासारखी सपाट दिसते. तोच दिवा भिंतीच्या पायाशी, वीतभर अंतरावर ठेवून उजेड वर सोडला, की दगडाचा उंचवटा न् उंचवटा सावली धरतो आणि भिंत जागी होते. झाडाच्या मागं दिवा ठेवला तर झाड काळं, रेखीव दिसतं. बुंध्याशी ठेवला तर फांद्या उजळतात. उजेड पिवळसर हवा, कारण पांढऱ्याफटक उजेडात बाग दवाखान्याच्या आवारासारखी दिसते. आणि दिवा स्वतः कुणाला दिसता कामा नये, त्यानं फक्त दाखवायचं काम करावं.

हे शेवटचं लोकांना बिलकूल मान्य नसतं. शिरड शहापूरच्या मसाजींनी नवं घर बांधलं, दारात बेलाचं झाड राखलं आणि देविदासला बोलावून सगळं उजळून घेतलं. पहिल्या संध्याकाळी मसाजी बॅटरी घेऊन कंपाउंडभर वाकून वाकून फिरले.

"उजेड हाय, पण दिवे कुठं हायेत?"

"लपवलेत," देविदास म्हणाला.

"काहून? चोरीचे हायेत का?"

हायवेवरच्या एका ढाबेवाल्याला लिंबावर हिरवा उजेड हवा होता. देविदासनं त्याला दोन दिवस समजावलं, की हिरव्या उजेडात जेवणारी माणसं आजारी दिसतात. त्याला काही ते पटलं नाही. देविदासनं हिरवा दिवा लावून दिला आणि पुढं त्या ढाब्यावरून जाताना तो मान दुसरीकडं करायला लागला. असा हा माणूस. एरवी मवाळ, पण उजेडाच्या बाबतीत सोवळं पाळणारा.

ही विद्या त्यानं हैदराबादेत मिळवली. वारंग्याला मोटारीच्या दुकानात होता, तिथून एका ठेकेदाराबरोबर गेला आणि तीन वर्षं मोठमोठ्या हॉटेलांच्या बागांमध्ये खड्डे खणत राहिला. तिथला फोरमन प्रेमदास याच्यासारखाच बंजारा, उमरखेडकडच्या तांड्यावरचा. त्यानं याची नजर हेरली आणि रोज दिवेलागणीला याला बागेतून फिरवत शिकवलं. उजेड कुठं टाकायचा हे त्यानं पहिल्याच महिन्यात सांगितलं. कुठं टाकायचा नाही, हे शिकवायला त्याला तीन वर्षांतला उरलेला सगळा काळ लागला.

देविदास परत आला, लग्न झालं, सिद्धेश्वरच्या कालव्यापलीकडच्या सेवा नाईक तांड्यावर आई-बापाजवळ राहिला. आई रूपाबाई, बाप धर्मसिंग, थोरला भाऊ शेती बघणारा. बायको मिना बारावी झालेली, तांड्यावरच्या बचत गटाची सचिव. बँकेतल्या साहेबासमोर ती ताठ मानेनं बोलते आणि घरी सासरा आणि भासरे, म्हणजे थोरले दीर, समोर आले, की ओढणी नाकाखाली ओढते. यात तिला काही विसंगत वाटत नाही. बँक निराळी, घर निराळं.

लग्नाला चौदा वर्षं झाली होती आणि या चौदा वर्षांत मिनानं नवऱ्याचं एकही काम पाहिलं नव्हतं.

यात कुणाचा दोष नव्हता. देविदासचं काम दिवस मावळल्याशिवाय दिसतच नाही, आणि दिवस मावळला की मिनाची धार, चूल, लेकरं. तिला हिंगोलीला किंवा वसमतला नेऊन दुसऱ्याच्या बंगल्यासमोर अंधारात उभं करायचं, हे काही तांड्यावरच्या सुनेला जमण्यासारखं नव्हतं. देविदास मोबाइलवर फोटो काढून आणायचा. पण मोबाइल उजेडाशी कधी इमान राखत नाही. भिंत करपलेली दिसते आणि दिवा फुटल्यासारखा. मिना फोटो बघायची आणि "चांगलं हाय" म्हणायची. नवी बादली आणली तरी ती याच सुरात "चांगलं हाय" म्हणते. देविदासला ते लागायचं. सगळ्या जिल्ह्यानं त्याला माळावाला म्हटलं तरी त्याची हरकत नव्हती, पण आपण काय करतो हे हिनं एकदा डोळ्यांनी बघावं आणि बघताना तिचं तोंड आपल्याला दिसावं, एवढी एकच इच्छा तो मनात धरून होता. ती त्यानं कुणाला सांगितली नव्हती. सांगण्यासारखी ती नव्हतीही.

म्हणून तांड्यावर जगदंबा आणि सेवालाल महाराजांचं नवं मंदिर उभं राहिलं, तेव्हा देविदास कुणी न सांगताच कामाला लागला. दर्शनी भिंत काळ्या दगडाची, समोर फरशीचं गोल अंगण आणि अंगणाच्या कडेला जुना, डेरेदार लिंब. असं अंगण त्याला कुठल्या बंगल्यात मिळालं नव्हतं. पंचांनी ठरवलं, की यंदा तीजेचा फेर तांड्याचा प्रमुख असलेल्या नाईकाच्या दारात न होता या अंगणात होईल.

तीज हा तांड्यावरच्या पोरींचा सण. श्रावणात कुमारिका वारुळाची माती टोपल्यांत भरून गहू पेरतात, नऊ दिवस पाणी घालतात आणि रोज संध्याकाळी त्या टोपल्यांभोवती फेर धरून गातात. दहाव्या दिवशी ते हिरवे कोंब सगळ्यांना वाटून पाण्यात सोडतात. पहिले सात दिवस फेर पोरींचा. शेवटच्या दोन संध्याकाळी मात्र सासुरवाशिणीही त्यात उतरतात, एरवीच्या साड्या पेटीत ठेवून फेटिया हा घेरदार घागरा आणि कांचळी ही आरशांची चोळी घालून. म्हणजे मिनाही येणार होती.

देविदासनं जीव ओतला. दगडी भिंतीच्या पायाशी दिवे पुरले. गोल अंगणाच्या फरशीत, फेराच्या वाटेच्या आतल्या बाजूनं, आठ दिवे जमिनीबरोबर बसवले, वरून जाड काच, पाय पडला तरी कळू नये असे. उजेड खालून वर. मध्ये टोपल्या, भोवती नाचणाऱ्या पोरी आणि त्यांच्या अंगावर पायापासून चढत जाणारा मऊ पिवळा उजेड. दहा संध्याकाळी त्यानं एकेक दिवा बोटबोट हलवून पाहिला. बापाला उभं करून पाहिलं, भावाला उभं करून पाहिलं. धर्मसिंग सत्तरीचा, मोजकं बोलणारा. तो म्हणाला, "दगडात देवीचं काम झालं बराबर." देविदासला एवढं पुष्कळ झालं.

तीज सुरू झाली आणि पहिले सात दिवस कौतुकाचे गेले. देविदासची पोरगी सीमा फेरात होती; मिना त्या वेळी घरी धार-चुलीत अडकलेली असायची. खालून उजेड आला की पोरींचे चेहरे उजळायचे, कांचळ्यांचे आरसे लखलखायचे, आणि शेजारच्या गावातली माणसं मोटारसायकली थांबवून बघायची. एकानं विचारलंही, की आमच्या मांडवाला अशा माळा सोडाल का. देविदास त्या आठवड्यात इतका खूश होता, की त्यानं त्याला हो म्हटलं.

आठव्या संध्याकाळी सुना आल्या. चौदा जणी, ओढण्या छातीपर्यंत ओढलेल्या. देविदास मुद्दाम भिंतीच्या टोकाला, दिवे नव्हते तिथं अंधारात उभा राहिला. तिथून फेरात येणारी प्रत्येक जण समोरून दिसणार होती. मंदिराच्या ओट्यावर म्हातारी माणसं बसली होती, धर्मसिंग मधोमध. रूपाबाईनं गाणं उचललं. सुना एकेक करून फरशीवर उतरल्या.

मिना चौथी होती. तिनं पहिलं पाऊल टाकलं आणि देविदासला तिचं तोंड दिसलं. सगळं दिसलं, हनुवटीपासून कपाळापर्यंत, पिवळ्या उजेडात न्हालेलं. तिची दोन पावलं पडेपर्यंत तो नुसता बघत राहिला. आणि मग त्याला कळलं, की जे त्याला दिसतंय ते ओट्यावरही दिसतंय.

घुंगट वरून येणाऱ्या नजरेसाठी असतो, समोरून येणाऱ्या नजरेसाठी असतो. जमिनीतून वर येणाऱ्या उजेडाशी त्याची कधी गाठच पडली नव्हती. चौदा सुनांची तोंडं ओढणीच्या आत कंदील धरावा तशी उजळली होती. धर्मसिंगनं मान खाली घातली. थोरला भाऊ उठून मंदिराच्या मागं गेला. ओट्यावरची सगळी म्हातारी माणसं एकदम आपापल्या चपला न्याहाळायला लागली.

हे सुनांच्या ध्यानात यायला एक फेराही लागला नाही. एकीनं दोन्ही हातांनी ओढणी खाली दाबली, दुसरी थबकली, तिसरी बाहेर पडली. बघता बघता चौदाही जणी लिंबामागच्या अंधारात जाऊन बसल्या. फेरात उरल्या फक्त पोरी आणि गाणं अर्ध्यावर तुटलेली रूपाबाई.

भिकाबाई ही तांड्यावरची सगळ्यांत म्हातारी बाई. तिला दिसतं कमी, पण समजतं लवकर. ती काठी आपटत म्हणाली, "कोणी केलं रे हे? सुनांचं तोंड उघडं पाडून राहिला!"

कोणी केलं ते सगळ्यांना ठाऊक होतं. देविदास भिंतीजवळून पुढं आला नाही.

दुसऱ्याचं घर असतं तर ही चूक झाली नसती, असं म्हणता येत नाही. दुसऱ्याच्या घरी ती चूकच ठरली नसती. पण तांड्यावर जन्मलेल्या, रोज आईला, भावजयीला, बायकोला ओढणीत बघणाऱ्या माणसानं ती करावी, याचं त्यालाच नवल वाटत राहिलं. त्यानं उजेडाची पारख बाप्यांना उभं करून केली होती आणि बाप्ये उघड्या तोंडाचे.

पंचांनी तिथंच ठरवून टाकलं. उद्याचा, म्हणजे शेवटचा फेर नाईकाच्या दारात, ट्यूबलाइटखाली.

घरी जेवताना बोलणं झालंच. घरात ही माणसं गोरमाटी, म्हणजे बंजाऱ्यांची बोली, बोलतात. इथं गावच्या मराठीत सांगतो.

"जमाना कुठं चाललाय, याडी," देविदास आईला म्हणाला. "अन् तुमी तोंडाचं घेऊन बसले."

"जमान्याचं मला न्हाई ठावं," रूपाबाई म्हणाली. "बाया नाचल्या का? न्हाई नाचल्या. मग तुझा उजेड कोणाच्या कामाचा?"

मिना भाकरी वाढत होती. सगळे उठल्यावर ती हळूच म्हणाली, "मला उजेडाची काही तकलीफ न्हाई. पण म्होरं मामंजी बसले व्हते. त्यांनी मान खाली घातली ना, ते मला बघवलं न्हाई. आपल्यामुळं म्हाताऱ्या माणसाला मान खाली घालाय लागावी?"

"तू बघितलं का पण? भिंत, झाड, काही?"

"काय बघणार? मी तं ओढणी धरून व्हते."

झालं. चौदा वर्षांनी एकदाची ती उजेडात आली होती आणि डोळे मिटून परत गेली होती. आता शेवटची एक संध्याकाळ उरली होती. ती नाईकाच्या ट्यूबलाइटखाली गेली, की पुढच्या श्रावणापर्यंत वाट बघणं आलं. आणि एकदा मोडलेला फेर पुढच्या वर्षी त्या अंगणात परतेल, याची खात्री कुणी द्यावी?

सकाळी देविदास अंगणात आला. त्यानं आठही दिवे फरशीतून उपटले आणि त्या ओळीनं पडलेल्या खड्ड्यांकडं बघत बसला. भिंतीवरून झोत टाकावा तर तो डोळ्यांत जाणार. ओट्यावरून टाकावा तर ओढणीतून आरपार. मग त्याची नजर लिंबावर गेली. प्रेमदासनं शिकवलेलं शेवटचं काम हेच होतं: दिवे झाडात उंच बांधायचे, तोंड खाली करायचं, पानांआड दडवायचं. उजेड पानांतून गाळून खाली येतो, जमिनीवर फांद्यांच्या सावल्या पडतात, आणि माणसाला वाटतं की चांदणं आहे. या जिल्ह्यात ते कुणी मागितलं नव्हतं म्हणून त्यानं कधी केलं नव्हतं. वरून येणारा उजेड ओढणीवर पडेल आणि तिथंच थांबेल.

लिंब देवीचा. त्याच्यावर चढायचं तर भिकाबाईची परवानगी हवी, पायात चपला नकोत, आणि खिळा तर ठोकायचाच नाही. भिकाबाईनं परवानगी दिली, पण वर म्हणाली, "पडला तं देवीला दोष देऊ नको."

भुरभुर पाऊस होता, फांद्या शेवाळलेल्या. खाली दोर धरायला कोण, हा प्रश्न पडायच्या आत धर्मसिंग येऊन उभा राहिला. त्यानं दोराचं टोक हातात घेतलं. खिळ्याशिवाय दिवा फांदीला कसा बसवायचा, याचा देविदास विचार करत होता, तर म्हाताऱ्यानं खालूनच सांगितलं, की गोणीची गाठ मार. धर्मसिंगच्या आज्यानं बैलांच्या पाठीवर धान्याच्या गोण्या लादून मुलूख पालथा घातला होता; बैल नदीत पोहला तरी न सुटणारी आणि एका टोकाला ओढलं की मोकळी होणारी ती गाठ घरात अजून शिल्लक होती. देविदासला ती येत नव्हती. बापानं खाली दोर हातात धरून तीनदा करून दाखवली आणि पोरानं वर फांदीवर पोट टेकून तीनदा चुकवली. चौथ्यांदा बसली. सुताच्या जुन्या दोरानं, सालीवर पोत्याचा तुकडा घालून, आठही दिवे दुपारपर्यंत वर गेले आणि फरशीतले खड्डे बुजवून झाले.

खरी पंचाईत पुढंच होती. दिवसा या कामाची परीक्षा होत नाही, आणि अंधार पडला की बायका नाईकाच्या दारात जाणार. देविदास आईकडं गेला.

"आधी मी बघते," रूपाबाई म्हणाली. "मला पटलं तं बाया येतील."

दिवेलागणीला रूपाबाई आणि भिकाबाई दोघीच अंगणात आल्या. रूपाबाईचे सासू-सासरे कधीच गेलेले. ओढणी तोंडावर घ्यायचं तिचं वय उलटून जमाना झाला होता. तिनं ती आज छातीपर्यंत ओढली आणि फरशीवर जाऊन उभी राहिली. देविदासनं खटका दाबला. भिकाबाई काठी टेकत तिच्याभोवती फिरली. समोरून बघितलं, बाजूनं बघितलं, मग कमरेत वाकून, मान तिरकी करून खालून बघितलं.

"नाच जरा," भिकाबाई म्हणाली.

रूपाबाईनं एकटीनं गिरकी घेतली, मग दुसरी. तिसरी कुणी सांगितली नव्हती.

"तुला कमी दिसतं, मावशे," देविदास न राहवून म्हणाला. "कोणा डोळसाला बोलवू का?"

"काल मला चौदाच्या चौदा दिसल्या व्हत्या," भिकाबाई म्हणाली. "आज ही एक बी दिसून न्हाई राहिली. जा, सांग बायांना."

फेर रंगला. पाऊस थांबला होता, फरशी ओली होती आणि तिच्यावर लिंबाच्या सावल्या हलत होत्या. ओट्यावर धर्मसिंग मान वर करून बसला. थोरला भाऊ टाळ्यांचा ठेका धरत होता. चौदा सुना पोरींच्या मागं वर्तुळात आल्या आणि ओढण्यांवर उजेड पडला, तिथंच थांबला.

देविदास मिनाला शोधायला लागला. एकसारखे फेटिये, एकसारखे आरसे, ओढण्या छातीपर्यंत. ही असेल म्हणून तो एकीकडं बघायचा, तर ती बुटकी निघायची. चाल ओळखू येईल म्हणून पायांकडं बघायला लागला, तर चौदा जणींचे पाय एकाच तालात पडत होते. गाणं चढत गेलं, फेर वेग धरत गेला, आणि आपण इतकी वर्षं जे मागत होतो ते आपल्याच हातांनी झाकून टाकलं, हे त्याला पुरतं उमगलं. त्याला वाईट वाटलं. काम चोख झालं होतं आणि तरी वाईट वाटलं. शोधता शोधता तो भिंतीजवळचा अंधार सोडून पुढं आला, फरशीच्या काठाला, लिंबाखाली उभा राहिला आणि गाणं संपेपर्यंत तिथंच राहिला.

घरी परतताना सीमा आजीबरोबर पुढं गेली. मागं वाटेवर दोघंच उरली, तशी मिनानं ओढणी मागं सारली. इथं दिवा नव्हता. तिचं तोंड अंधारातच होतं.

"तू फेरात कोणत्या बाजूला व्हतीस?" देविदासनं विचारलं. "मला सापडली न्हाईस."

"मी तीनदा तुमच्या म्होरून गेले," मिना म्हणाली. "हात लावता आला असता, एवढ्या जवळून."

देविदास वाटेतच थांबला.

"सारे ओट्यावर बसलेले, तुमी एकलेच उजेडात. उघड्या तोंडानं." मिना म्हणाली. "घरात तं मी पयली उठते, चुलीच्या धुरात तुमाला च्या देते. येता तवा अंधार पडलेला असते. चौदा वर्षांत तुमचं तोंड असं मन भरून बघितलंच नव्हतं मी. तिन्ही खेपेला बघितलं."